भाकरीच्या ओळीपर्यंत

आमच्या बेकरीत भिंतीवर घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांना बघायला. भट्टीसाठी प्रभूची प्रार्थना होती, चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात ती.

म्हणजे कसं, सांगतो. लाकडाची भट्टी. आत जाळ करून ती तापवायची, निखारे ओढून बाहेर काढायचे, आतली फरशी ओल्या फडक्यानं पुसायची आणि तोंडाशी उभं राहून उजवा हात कोपरापर्यंत आत घालायचा. हात आत गेला की प्रार्थना सुरू. मनातल्या मनात नाही, ओठ हलवून, घाई न करता. पहिल्याच ओळीला हात पळाला तर भट्टी जास्त झाली, दार उघडं ठेवा. देवाच्या इच्छेच्या ओळीला हात कुरकुरायला लागला पाहिजे आणि भाकरीच्या, म्हणजे आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, या ओळीला बाहेर आला पाहिजे. भाकरीला हात बाहेर, की पाव आत. त्याच्या पुढे क्षमेच्या, म्हणजे आमच्या अपराधांची क्षमा कर, या ओळीपर्यंत हात टिकला तर भट्टी कमी, लाकूड घाला. आणि आमेनपर्यंत टिकला तर झोपा जाऊन, आज धंदा नाही.

ही रीत दाजींच्या वडिलांची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बेकरी त्यांची, मी तिथं पीठ मळायला. आता गंमत बघा. आमच्याकडे दिवसाला जेवढ्या वेळा प्रार्थना व्हायची तेवढी पाळकांच्या घरीसुद्धा होत नसेल. पण ती भाकरीच्या पुढे कधी गेलीच नाही. पुढच्या ओळींसाठी थांबणार कोण? पाव वाट बघत नाही.

दाजींचा तो उजवा हात बघण्यासारखा होता. कोपरापर्यंत एक केस नाही, रंग भाजलेल्या विटेचा आणि कातडं असं की सुई वाकावी. ताई सांगायची, लग्नात पाळकांनी यांचा हात माझ्या हातात दिला तेव्हा मला वाटलं नवरा हातमोजा काढायला विसरला. त्या हातावर दाजींचा फार जीव. कुणी म्हटलं, आता बाजारात उष्णता मोजायचं यंत्र मिळतं, भट्टीच्या दाराला लावा, तर दाजी हात पुढं करून म्हणायचे, हे बघ लावलंय. आणि वर म्हणायचे, आपला हात जगन्नाथ.

एकदा उपासना संपल्यावर चहा घेताना पाळकांसमोरच म्हणाले. पाळक जरा चुळबुळले. म्हणाले, दाजी, ही म्हण आपल्या तोंडी बरी नाही, आपला भरवसा आपल्या हातावर नसावा. दाजींनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"म्हण चुकीची असेल पाळकसाहेब. हात बरोबर आहे."

सगळी मंडळी हसली. पाळकसुद्धा हसले. दाजींशी वाद घालून आजवर कुणी पोट भरलेलं नाही.

मग ताईला झटका आला. सकाळी दुकानात पाव मोजून देताना खाली बसली आणि उठली ती अर्धीच. उजवी बाजू गेली. हात लोंबता, पाय लाकडाचा. आणि बोलणं गेलं. सगळे शब्द गेले, एकच राहिला. हो.

देवानं काय विचार करून तोच ठेवला त्याचं त्याला माहीत. कारण ताईच्या तोंडून जन्मात सगळ्यात कमी निघालेला शब्द तोच. घरात नाही म्हणायचं खातं तिच्याकडे होतं. आता चहा हवा का, हो. चहा नको का, हो. मी एकदा विचारलं, ताई, मी तुझ्यापेक्षा देखणा ना? हो. म्हटलं, आख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललीस. तर अर्ध्या तोंडानं हसली आणि डाव्या हातानं उशी फेकली. म्हणजे आतली बाई सगळी होती तिथंच, फक्त दारं बंद झाली होती.

आमच्या मंडळीत एक नर्सबाई आहेत. मोठ्या दवाखान्यात जन्म काढून आता घरी असतात. त्या बघायला आल्या. त्यांनी सांगितलं, हिच्या शब्दावर जाऊ नका, हिला नाही म्हणायचं असलं तरी हो निघतं. हिचा डावा हात हातात घ्या आणि विचारा. हो असेल तर दाबेल, नाही असेल तर नखं लावेल. ताईला लगेच जमलं. नखं लावायला तिला शिकवावं लागणार नव्हतंच. नर्सबाई म्हणाल्या, मी रोज येते, अंघोळ, पाठ, पाय, सगळं करते, तुम्ही बेकरी बघा.

दाजींना ते लागलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही, पण लागलं. म्हणाले, बाई, तुमचे उपकार आहेत, पण हे माझं काम आहे. आणि त्या गेल्यावर मला म्हणाले, बायको माझी, तिचं हो मला कळतं. परक्या बाईनं शिकवायला मी काय काल लग्न केलंय?

खोटं कशाला बोलू, माणसानं केलं सगळं. बेकरीच्या मागंच दोन खोल्या, मधे एक भिंत. पहाटेची भट्टी लावून आत जायचे, ताईला कुशीवर वळवायचे, अंग पुसायचे, भरवायचे, पुन्हा भट्टीवर. दुपारी तेच. वेणीसुद्धा घालायचे. दूधपावाला तीन पेड पिळून वळतात ना, तशी. घट्ट आणि टोकाला चिमटा काढलेली. तिच्या पाठीवर एक जखम झाली नाही. नर्सबाई अधूनमधून डोकावायच्या, चादर वर करून बघायच्या आणि पसंतीनं मान हलवायच्या. दाजी दारात उभे असायचे, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे.

आणि म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं. हयगय करणारा माणूस असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो.

पाळक प्रार्थनेला आले होते तेव्हाची गोष्ट. ताईच्या खाटेजवळ उभे राहून त्यांनी विचारलं, दाजी, आज देवाकडे काय मागू? दाजी म्हणाले, दुसऱ्यांचं मागा, लोक फार अडचणीत आहेत, इथलं मी बघतोय. पाळक म्हणाले, म्हणजे देवानं इथं बघायचंच नाही का?

"बघू दे की," दाजी म्हणाले. "पण म्हणावं, हात घालू नको."

तेव्हाही आम्ही हसलो. ताईनं हो म्हटलं.

त्याच सुमाराला आमचा पाव बिघडायला लागला. आधी खालून काळा, मग वरूनही. रोज नाही, एखादा घाणा. मग दिवसाआड. कोपऱ्यावरचा चहावाला ट्रे परत घेऊन आला, म्हणाला, दाजी, पाव मागितला होता, कोळसा आहे माझ्याकडे. दाजींनी दोष लाकडाला दिला. लाकूड बदललं. मग मैद्याला दिला. मैदा बदलला. मग उरलो मी.

मी सांगत होतो, दाजी, भट्टी फार तापतेय. मी हात घातला की पहिल्या ओळीतच बाहेर. दाजी मला बाजूला करायचे, स्वतःचा हात घालायचे आणि शांतपणे इच्छेची ओळ, भाकरीची ओळ, क्षमेची ओळ, थेट आमेन. आणि मग माझ्याकडे बघायचे. म्हणायचे, बघितलंस? थंड पडलीय. तुझा हात लोण्याचा आहे मेव्हण्या, घाल लाकूड.

आता मालक कोण? ज्या हातानं सगळं आयुष्य भट्टी ओळखली तो हात खरा, की माझा? मी लाकूड घालायचो. मनगटावर त्यांच्या फोड आलेले दिसायचे. विचारलं तर म्हणायचे, भट्टीवाल्याच्या हाताला फोड नाही येणार तर काय मोती येणार?

भट्टीला लागूनच आमचा पाण्याचा हंडा बसवलेला. भट्टीच्या उष्णतेवर पाणी आपोआप तापतं, भांडी धुवायला, अंघोळीला तेच. भट्टी जशी वाढत गेली तसा हंडाही तापत गेला. आधी वाफ यायची, आता खदखदायचा.

तो शनिवार होता. थंडी पडली होती. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पाळक ताईसाठी प्रभूभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि पेला, घेऊन घरी येणार होते. दाजींनी सकाळपासून खोली झाडली, चादर बदलली, आणि दुपारचा पाव निघाल्यावर म्हणाले, उद्या प्रभूचं ताट येणार आहे घरात, तिचे पाय चांगले शेकून धुतो. उजवा पाय आधी. तो मेलेला, गार पडलेला, त्याला ऊब हवी.

घमेल्यात हंड्यातलं पाणी घेतलं, वरून थोडं गार घातलं, आणि आपला उजवा हात बुडवून बघितलं. भट्टीसारखंच, प्रार्थना म्हणत. भट्टीचा हात भाकरीला बाहेर यायला हवा, पण पायाचं पाणी असं हवं की हात आमेनपर्यंत आरामात राहिला पाहिजे, हा त्यांनी स्वतः बसवलेला हिशोब. हात राहिला. पाय पाण्यात ठेवला. ऊब जाऊ नये म्हणून वरून जाड टॉवेल झाकला. आणि ताईसमोर पाटावर बसून तिचा डावा हात आपल्या उजव्या हातात घेतला.

हे सगळं मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो, ट्रे पुसत. मधलं दार उघडंच होतं. दाजी विचारत होते, बरं वाटतंय ना? हो. अजून थोडा वेळ ठेवू? हो. ताई हो, हो, हो म्हणत होती, एकामागून एक, कधी नव्हे इतक्यांदा. दाजींचा आवाज असा खुलला होता की मलाही बरं वाटलं. त्यांनी मला हाक मारून सांगितलं,

"मेव्हण्या, आज तुझी बहीण भलती खूष आहे. माझा हात सोडत नाही."

मी म्हटलं, सोडू नकोस ताई, म्हातारा पळून जाईल.

मग टॉवेल उचलल्याचा आवाज आला, आणि काहीच आवाज नाही. मी ट्रे ठेवून आत गेलो.

पायाचं काय झालं होतं ते मी सांगत नाही. दुधावरची साय बोटानं बाजूला होते, तेवढंच समजा. ताई तोंड वासून, घामानं भिजलेली, डोळे दाजींच्या तोंडावर. आणि दाजी. दाजींनी काय करावं? त्यांनी पुन्हा उजवा हात घमेल्यात घातला, ओठ हलवले, आणि माझ्याकडे वर बघून म्हणाले,

"पाणी तर कोमट आहे रे."

मी बोटं घातली आणि एक शब्द तोंडातून निघायच्या आत बाहेर काढली. एकाचा हात मेलेला, एकीचा पाय मेलेला. दोघांत मिळून एक चटका बसला नव्हता, असं मला तेव्हा वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताईला आत नेलं आणि मग बाहेर येऊन दाजींचा हात बघायला मागितला. तळहाताच्या मागच्या बाजूला चार खुणा होत्या, नखांच्या, अर्ध्या चंद्रासारख्या, खोल, रक्त साकळलेल्या. बाईंनी विचारलं, हे कुणी ओरबाडलं? दाजींनी हात डोळ्याजवळ नेला. त्यांना ते तेव्हाच दिसलं. नर्सबाईंनी काय सांगितलं होतं ते त्यांना आठवलं, मला आठवलं. बाईंनी टाचणी घेतली आणि त्यांची नजर दुसरीकडे वळवून बोटांना टोचत गेल्या. विचारत गेल्या, कळतंय? दाजी म्हणत होते, टोचा ना, मग सांगतो.

अंगात साखर होती, कैक वर्षांची. कधी तपासली नव्हती, तपासायला कुणाकडे जायचं म्हणजे दुसऱ्याच्या हातात हात द्यायचा. त्यात भट्टीची आच. नसा मरत गेल्या होत्या, हळूहळू, महिनोन्महिने. डाव्या हातात थोडा जीव होता. उजव्यात नव्हता.

ताईचा पाय काळा पडत गेला. गुडघ्याच्या वरून काढावा लागेल म्हणाले. मग म्हणाले, काढता येणार नाही, काळीज तेवढं सोसणार नाही. मग डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, स्वच्छ ठेवा, दुखणार नाही एवढं औषध देते. त्या भल्या होत्या. याहून बरं काही त्यांच्याजवळ असतं तर दिलं असतं.

घरी आणल्यावर दाजी खोलीत गेले नाहीत. दारापर्यंत यायचे, तिथंच स्टुलावर बसायचे. नर्सबाई न विचारता आल्या आणि सगळं हातात घेतलं. या वेळी कुणी त्यांना हे माझं काम आहे असं म्हणालं नाही. एकदा त्यांना पट्टी धरायला कुणी हवं होतं, त्या बोलावत होत्या, तर दाजी दोन्ही हात काखेत दाबून बसून राहिले, थंडी वाजल्यासारखे.

बेकरी चालू ठेवावी लागत होती. एका दुपारी भट्टी तापवून मी निखारे काढले, फरशी पुसली, आणि पिठाकडे वळलो. मागं दाजींचा आवाज आला. भट्टीच्या तोंडाशी उभे होते, हात आत. मी म्हटलं, दाजी, राहू द्या, मी बघतो. त्यांनी ऐकलं नाही. प्रार्थना चालली होती. भाकरीची ओळ गेली. क्षमेची ओळ आली, आणि तिथं आवाज अडकला. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. पुढेही जाईना आणि हातही बाहेर येईना. मग मला वास आला.

मी कमरेला मिठी मारून त्यांना मागं ओढलं. दोघंही मैद्याच्या पोत्यांवर पडलो, पांढरे झालो. हाताकडे बघवत नव्हतं. दाजी छताकडे बघत पडून राहिले, रडत नव्हते, काही नाही.

"मला वाटलं," ते म्हणाले, "एकदा तरी कळेल."

पाळक आले. बिचारे तयारी करून आले होते. देव आपल्याला सोडत नाही, त्याचं बळ आपल्या दुबळेपणात, असं चांगलं चांगलं बोलत होते. सगळं खरंच असेल, पण त्या खोलीत ते ओल्या लाकडासारखं होतं, धूर नुसता. दाजी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ऐकत होते. पाळकांचं संपल्यावर म्हणाले,

"मी त्याला सांगितलं होतं, हात घालू नको. त्यानं ऐकलं."

पाळकांचं तोंड उघडं राहिलं ते मिटलं. त्या माणसाला मी त्या दिवसापासून मानतो, कारण पुढं त्यांनी शास्त्रातलं काही काढलं नाही. म्हणाले, दाजी, मला उत्तर येत नाही. पण तुम्ही नको म्हणालात म्हणून निघून जाईल असा तो नाही, एवढंच मला माहीत आहे. दाजींनी विचारलं, मग त्या दिवशी कुठं होता?

मला विचाराल तर मला एक वाटतं. देव काही आभाळातून ओरडत नाही. त्या दिवशी तो नाही, नाही, नाही म्हणत होता, ताईच्या नखांनी, आणि जिथं सांगत होता तो हात मेलेला होता. पण हे मी दाजींना कधी बोललो नाही. बोलून काय, आणखी एक नख.

रविवारी प्रभूभोजन आलं. आधीच्या रविवारी राहून गेलेलं. त्या ताटातली भाकर दर वेळी दाजी स्वतः भाजायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. या वेळी मी भाजली. जरा कच्ची राहिली, कारण मी घाबरून हात लवकर काढला. पाळकांनी छोट्या मेजावर फडकं पसरलं, भाकर ठेवली, पेला ठेवला, आणि नेहमी सांगतात तसं सांगितलं की ज्यांच्या मनात एकमेकांबद्दल काही असेल त्यांनी आधी ते मिटवावं. ते दरवेळचंच बोलणं, सवयीनं तोंडातून निघालं. निघून गेल्यावर त्यांच्याच लक्षात आलं.

दाजी स्टुलावरून उठले आणि आत आले.

ताईची तब्येत फार उतरली होती. डोळे अर्धे मिटलेले, श्वास वरच्या वर. दाजी खाटेजवळ गुडघ्यावर बसले आणि ताईचा डावा हात घ्यायला त्यांनी उजवा हात पुढं केला, तो पट्टी बांधलेला, जळका, मेलेला. बोटं तेवढी उघडी होती. नर्सबाई शेजारी होत्या, त्या हळूच म्हणाल्या, दाजी, डावा द्या. डाव्यात तुम्हाला कळेल तिनं दाबला की नखं लावली.

"नाही," दाजी म्हणाले. "कळून घ्यायची माझी लायकी नाही. हाच."

नर्सबाई मागं सरल्या. दाजींनी ताईची बोटं आपल्या त्या बोटांवर ठेवली. मग त्यांनी तिला नावानं हाक मारली, लग्नानंतर चारचौघांत मी पहिल्यांदा ऐकली, आणि म्हणाले,

"मला माफ करशील?"

ताई म्हणाली, हो.

आता तुम्हाला माहीत आहे, ती सगळ्यालाच हो म्हणत होती. चहा हवा का, हो, नको का, हो. दाजींनाही ते माहीत होतं. त्यांनी हाताकडे बघितलं नाही, डोळे मिटून घेतले. मी बघितलं. मला राहवलं नाही. बोटं जशी ठेवली होती तशीच होती. दाबलीही नाहीत, नखंही लावली नाहीत. कदाचित तेवढी ताकद उरली नव्हती. कदाचित काय ते मला ठाऊक नाही, आणि आता कुणाला कळणारही नाही.

पाळकांनी भाकर मोडली. ताईच्या जिभेवर ओला कण ठेवला. दाजींपुढं ताट आलं तेव्हा त्यांना तुकडा उचलता येईना, बोटं वळेनात. पाळकांनी त्यांच्या तोंडात भरवला. दुसऱ्याच्या हातून खाताना दाजींना मी तेव्हाच बघितलं.

पुढचा रविवार ताईनं बघितला नाही. मातीला सगळी मंडळी होती, चहावालासुद्धा. दाजींनी मूठभर माती डाव्या हातानं टाकली.

त्यानंतर दाजी बरे झाले, शहाणे झाले, देवाला शरण गेले, असं काही सांगायला मला आवडलं असतं. झालं एवढंच की आता भट्टीत माझा हात असतो. दाजी मागं पोत्यावर बसतात, उजवा हात गळ्यात अडकवलेला. मी प्रार्थना सुरू करतो, इच्छेच्या ओळीला माझा हात कुरकुरतो, भाकरीला बाहेर. मी पाव आत ढकलायला लागतो आणि मागून दाजी पुढची ओळ उचलतात. मोठ्यानं. काही दिवस आमेनपर्यंत जातात. बहुतेक दिवस क्षमेच्या ओळीनंतर आवाज येत नाही, आणि मला मागं वळून बघता येत नाही, पाव वाट बघत नाही. दार लावून वळतो तर ते तसेच बसलेले असतात, ओठ उघडे.

मी एकदा विचारलं, दाजी, ताईचं ते हो खरं होतं असं वाटतं का तुम्हाला? मग म्हणाले, वाटत नाही रे काहीच. धरून बसलोय.

परवा चहा आणून दिला. पूर्वी तोंडाला लावायचे, पोळलं तरी सांगायचे नाहीत. या वेळी डाव्या हातानं कप माझ्यापुढं धरला. मी बोट लावून बघितलं. म्हटलं, गरम आहे दाजी, थांबा जरा.

थांबले.